पदूच्या एकेचाळीस दुपारी

पदूचं पत्र आलं तेव्हा त्याचे एकेचाळीस जण माझ्या घरी राहत होते, म्हणून मी उत्तर लिहिलं नाही.

पदू म्हणजे पद्माकर हेंद्रे, माझा धाकटा भाऊ. तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि दारू प्यायचा. पिऊन जी दुपार तो विसरून जाई ती वाया जात नसे. त्या दुपारी त्याच्याबरोबर जो कोणी असेल त्याच्याकडे ती राहायला येई. बहुतेक वेळा तो मीच असे. संध्याकाळी पदू डोळे चोळत उठे, तोंड धुई, "दादा, मी काही बोललो का रे?" असं विचारून निघून जाई, आणि विसरलेल्या दुपारचा पदू माझ्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेला राही. बँडचा तांबडा कोट, खांद्यावर पिवळी झालर, गुडघ्याला चिखल. त्याला भूक लागत नसे. तो म्हाताराही होत नसे. मधूनमधून विचारी, "दादा, किती वाजले?" मी सांगे, "अडीच." तेवढ्यावर त्याचं समाधान होई.

मी चौतीस वर्षं गावच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसलो. मला दुसरं काही येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या कॉलरला मी टाचणीने एक चिठ्ठी लावली आणि तिच्यावर दाखल क्रमांक आणि तारीख घातली. पहिल्या सतरा जणांच्या मांडीवर क्लॅरिनेट आहे. अठराव्यापासून समोरचे दोन दात नाहीत आणि हातात खुळखुळा आहे, कारण त्या दातांशिवाय क्लॅरिनेट तोंडात धरता येत नाही. तिसाव्यानंतरच्यांच्या हातात तोही नाही. ते लाउडस्पीकरची गाडी ढकलायचे. त्यांच्या तळहातांना गंज लागलेला आहे. एवढ्यावरूनही क्रम लागला असता, पण मला चिठ्ठीशिवाय चैन पडत नाही.

पत्र सोलापूरहून आलं होतं, निळ्या आंतर्देशीयवर. पदूचं अक्षर सरळ झालं होतं. ते बघूनच मला वाईट वाटलं.

"ती. दादास सा. न. दारू सोडून चौदा महिने झाले. इथे आमचा एक समूह आहे. रोज पाच वाजता बसतो. ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी करायची आणि एकेकाला भेटून माफी मागायची असं आमच्यात आहे. माझ्या यादीत वैजूचं नाव पहिलं. तिला पत्र टाकलं होतं. तिने कळवलं की या, पण नुसतं चुकलो चुकलो करत येऊ नका, त्या दुपारी काय केलंत ते तोंडाने सांगणार असाल तरच या. तिला एवढंच आठवतं की बाबा उठले आणि दूध अंगावर आलं. दादा, मला तेवढंही आठवत नाही. जे आठवत नाही त्याची माफी कशी मागू? अंदाजाने सांगितलं तर ते पुन्हा खोटंच होईल. तू होतास तिथे. जसं झालं तसं लिही. मला राग येणार नाही. तुझा पदू."

वैजू ही त्याची मुलगी. दूध सांडलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता अठ्ठावीसची असेल. त्या दिवसानंतर तिच्या आईने, शालनने, तिला घेऊन माहेर गाठलं, आणि बावीस वर्षं बापलेकीची भेट नाही.

उत्तर का लिहिलं नाही याचं मी वर जे कारण दिलं ते खरं आहे, पण पुरं नाही. मला हेवा वाटला. त्या समूहाचा वाटला. रोज पाच वाजता पदू अनोळखी माणसांसमोर बसतो आणि ती त्याचं ऐकतात. इतकी वर्षं तो माझ्यासमोर बसायचा. अनोळखी माणसांना त्याच्याविषयी काय माहीत आहे? मला त्याच्या प्रत्येक दुपारची तारीख माहीत आहे.

लहानपणापासून हे असंच आहे. पदू वाजवत निघाला की रस्त्यावरच्या खिडक्या उघडायच्या. बायका हातातलं काम टाकून कठड्याशी यायच्या. त्याच रस्त्याने मी रोज दोनदा जात होतो. वाचनालयातही लोक माझ्याशी बोलायचे ते पुस्तकाचं नाव सांगण्यापुरतं. पदूला पहिला घोट दिला तो कुठल्याशा नवरदेवाच्या मित्रांनी. वरातीत बँडवाल्यांना पाजतातच, आणि क्लॅरिनेटवाल्याला जरा जास्त, कारण सगळा नाच त्याच्या दमावर चालतो. त्याला नाही म्हणता येत नसे. लोकांनी त्याच्याभोवती गोळा व्हावं हे त्याला फार आवडे, आणि ती गर्दी पेल्याबरोबर येई. नंतर नंतर गर्दी आली नाही, पेला येत राहिला. प्यायला की त्याला घरी जायची लाज वाटे. मग तो माझ्याकडे येई. मी त्याचे बूट काढायचो, डोक्याखाली उशी द्यायचो. त्या वेळी गावातली एकही खिडकी उघडी नसे.

पत्र आलं त्याच्या पुढच्या सोमवारी बाहेरची खोली एका फरशीने कमी झाली होती. आडव्या अठरा फरश्या होत्या, त्या सतरा भरल्या. मी दोनदा मोजलं. माझं मोजणं चुकू शकतं, म्हणून तिसऱ्यांदा खडूने आकडे घालत मोजलं. सतराच. त्यापुढच्या सोमवारी सोळा. आतली खोलीही तशीच लहान होत होती.

"पदू, सरक जरा," मी म्हणायचो.

"सरकतोय की. ह्याला सांग," एक पदू दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. ते एकमेकांना ओळखत नसत.

मी गवंड्याला बोलावलं. त्याने ओळंबा सोडला, फीत लावली, भिंतीवर टिचकी मारून ऐकलं.

"भिंतीत काही दोष नाही काका," तो म्हणाला. "माणसं जास्त आहेत."

"माणसं तेवढीच आहेत."

"मग मी काय करू?" त्याने फीत गुंडाळली आणि दोघातिघांच्या पायांवरून उड्या टाकत निघून गेला.

चौथ्या महिन्यात, बाहेर चार फरश्या उरल्या होत्या तेव्हा, बाबालाल मास्तर आले. पदू ज्या बँडमध्ये होता तो बँड त्यांचा. चपला बाहेर काढून त्यांनी आत पाय टाकला आणि तिथेच थांबले, कारण पुढे पाय ठेवायला जागा नव्हती.

"काय हेंद्रे, दुकान भरलंय म्हणायचं."

"बसा ना."

"कुठं बसू? ह्याच्या मांडीवर?" त्यांनी सहाव्या पदूच्या गालाला हलकेच चापट मारली. "पद्या, दाढी कर की रं." मग माझ्याकडे वळले. "एक काम होतं. परवा लग्नाची ऑर्डर हाय आन माझा क्लॅरिनेटवाला पाय मोडून घरी पडलाय. ह्यातला एक द्या. दातवाला द्या."

"ते देता येणार नाहीत."

"का? वाचनालयात पुस्तकं देत हुता न्हवं? तसंच लिहून घ्या. रविवारी आणून टाकतो. एक टाका बी उसवणार न्हाई."

"हे संदर्भ विभागातले आहेत. इथेच बसून बघायचे. घरी न्यायचे नाहीत."

बाबालाल मास्तर मोठ्याने हसले. चारपाच पदूही हसले. कशाला ते त्यांना कळलं नसावं. मास्तर हसले की हसायची त्यांना सवय होती.

"माझ्याकडं बी तीन हुते," मास्तर हसणं संपवून म्हणाले. "ढोल ठिवतो त्या खोलीत, ढोलाच्या मागं बसायचे. किती वाजले, किती वाजले. डोकं उठवलं."

"मग?"

"मग काय. सोलापूरला गेलो आन पद्याला सांगून टाकलं. म्हटलं, एका वरातीत तू नवरीच्या बापाला लाथ घातलीस. दुसऱ्या वरातीत घोड्याच्या पायात झोपलास, आन घोडं बिचारं तासभर हललं न्हाई. तिसरं तुम्हाला सांगत न्हाई, तुम्ही वाचनालयातले. ऐकताना रडला, मग हसला. घरी येऊन बघतो तर ढोलाच्या मागं कोण न्हाई. सांगितलं की जातात."

मी माझ्या एकेचाळीस जणांकडे बघितलं. सगळे माझ्याचकडे बघत होते.

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"कवळी लावून वाजवतो. मधीच शिट्टी निघती. पण सुरात हाय. चहा पिऊन वाजवतो, बोला."

"पूर्वीइतकं चांगलं?"

"पूर्वीचं कशाला काढताय?" मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "त्याची पोरगी नवऱ्यासंगं मस्कतला चाललीय. आठ तारखेला. तवर यायचं तर या म्हणाली, नंतर न्हाई. पद्याचं सगळं तुमच्या कागदावर अडलंय. रोज पोस्टमनची वाट बघतो म्हणं."

"काय लिहावं ते सुचत नाही."

"चौतीस वर्षं पुस्तकांत बसून?" ते म्हणाले, आणि चपला घालून गेले.

मी त्या दिवशी जेवलो नाही. आठ तारखेला पंधरा दिवस होते. सांगितलं की जातात, हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मनात कुठेतरी असावं. मी पदूच्या जवळ बसून राहिलो. "दादा, किती वाजले?" एकाने विचारलं. मी म्हणालो, "अडीच." दुसऱ्याने विचारलं. त्यालाही सांगितलं. सोलापूरचा पदू मला वेळ विचारत नव्हता. त्याने स्वतःचं घड्याळ घेतलं असेल.

आता स्वयंपाकघराविषयी सांगायला हवं.

माझ्या घरात एक बेचाळिसावी दुपार आहे. ती मी मोजत नाही. आमच्याकडे फाटलेली, वाळवी लागलेली पुस्तकं संग्रहातून काढून टाकायची एक पद्धत होती, तिला निर्लेखन म्हणत. नोंदवहीत त्या ओळीवर 'रद्द' असा शिक्का मारायचा. मग ते पुस्तक वाचनालयाचं राहत नाही. घरच्या वहीत त्या दुपारच्या ओळीवर मी लाल शाईने 'रद्द' लिहिलं होतं. पुस्तकं रद्दीवाला नेतो. दुपार कोणी नेली नाही. ती स्वयंपाकघरात आली तिथेच राहिली, आणि मी दाराला कुलूप लावलं. बावीस वर्षं मी पडवीत स्वयंपाक करतो.

कुलूप उघडायला तेल घालावं लागलं. आत लख्ख ऊन होतं. हे स्वयंपाकघर लहान झालं नव्हतं. वातीच्या स्टोव्हवर दुधाचं भांडं होतं. टेबलाशी पदू बसला होता, चव्वेचाळीस वर्षांचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, सगळे दात. त्याच्यासमोर पेला आणि क्वार्टरची बाटली. आणि स्टोव्हपाशी, पाठ करून, मी उभा होतो. माझे केस काळे होते.

मी त्या दिवशी प्यायलो नव्हतो. आयुष्यात कधीच प्यायलो नाही. तरी त्या दुपारीत मी कसा, हे मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा पदूने दारू सोडलेली होती. शालनने त्याला एका दवाखान्यात ठेवलं होतं, आणि बाहेर आल्यावर पाच महिने तो थेंबाला शिवला नव्हता. पाच महिन्यांत तो माझ्याकडे एकदाही आला नाही. रस्त्यात दिसला की हसून मान हलवायचा. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात वैजूचं बोट. मी चिठ्ठी पाठवली की वडिलांचा फोटो भिंतीवरून पडलाय, लावायला ये. फोटो मीच काढून ठेवला होता. मग दारूच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "खोकल्यासाठी हवी आहे." दुकानदाराने काही विचारलं नव्हतं.

मी दारात उभा राहिलो आणि दुपार पुढे सरकली.

"दादा, हे काय?" पदूने बाटलीकडे बघून विचारलं.

"असू दे. तुझ्यासाठी नाही आणलेली," काळ्या केसांचा मी म्हणालो, आणि दुधाकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मागे पेला वाजला, मग पुन्हा वाजला. बाटली तळाला गेली तेव्हा दारात वैजू आली. तिच्या एका वेणीची रिबीन सुटली होती.

"बाबा, चला ना. आई बोलावतेय."

पदू लगेच उठला. भिंतीला धरून उठला, पण उठला. त्याने वैजूपुढे हात केला. तो गेला असता. तेवढ्यात काळ्या केसांच्या मी मागून त्याची बाही पकडली. "बस रे जरा. दूध घे, मग जा." पदूने हात ओढला, त्याने बाही ओढली, आणि बाही ओढणाऱ्याचं कोपर भांड्याच्या दांडीला लागलं.

वैजू ओरडली. नंतर शालन धावत आली. "भाऊजी, काय झालं?" पदू तोवर जमिनीवर पडून घोरत होता. "तो शुद्धीवर नव्हता," काळ्या केसांच्या मी सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. शालनने पुढे काही विचारलं नाही.

मग दूध पुन्हा भांड्यात होतं, आणि पदू स्वच्छ शर्टात टेबलाशी बसलेला होता.

"दार लावून घे," काळ्या केसांचा मी मला म्हणाला. "ऊन जातंय."

"ही दुपार मला हवी आहे. पदूला पाठवायची आहे."

"तुझ्याकडे एकेचाळीस आहेत," तो म्हणाला. "माझ्याकडे एकच आहे."

मी त्याच्या पदूकडे बघितलं. शर्टाला साबणाचा वास होता. माझ्या एकेचाळिसांत एकाचीही दाढी केलेली नव्हती. या माणसाने बावीस वर्षं हा पदू एकट्याने ठेवून घेतला होता, आणि मी पडवीत भात शिजवत होतो. मला इतका राग आला की माझ्या हातातून कुलूप पडलं.

लिहिण्यापेक्षा दुपारच पाठवून द्यावी असं मी ठरवलं. सांगावं लागणार नाही. तो उघडून बघेल. मांजरपाटाचं कापड आणलं, ती दुपार चारी बाजूंनी गुंडाळली आणि शिवली. आम्ही मूळचे शिंपी. टाके अजून सरळ येतात. पोस्टात खिडकीवरच्या पोळबाईंनी पार्सल काट्यावर ठेवलं.

"आत काय आहे?"

"एक दुपार."

"नाजूक सामान?"

"हो."

"द्रव पदार्थ?"

मी सुटे पैसे मोजू लागलो. त्यांनी पार्सल कानाशी नेऊन हलवलं.

"आजोबा, आत दूध आहे. आणि दुसरंही काहीतरी आहे."

"थोडंच आहे."

"थोडं असलं तरी जात नाही. बाकीच्यांची पत्रं भिजतात." त्यांनी पार्सल परत सरकवलं. "ते काढा आणि मग आणा."

घरी येऊन मी टाके उसवले आणि दुपार परत स्वयंपाकघरात मांडली. आधी दूध काढून बघितलं. वैजू उंबऱ्यातच उभी राहिली आणि आत येईना. दूध परत ठेवलं आणि बाटली काढली. काळ्या केसांचा मी ती सोडत नव्हता. मला त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली. बाटली निघताच पदू उठला. स्टुलावर चढून त्याने वडिलांचा फोटो भिंतीवर नीट लावला, दोन पावलं मागे जाऊन वाकडा आहे का ते बघितलं, म्हणाला, "निघतो रे दादा," आणि गेला. वैजूला यावंच लागलं नाही. स्वयंपाकघरात आम्हा दोघांशिवाय कोणी उरलं नाही. स्टोव्हवर दूध हळूहळू वर येत होतं.

मी बाटली परत टेबलावर ठेवली.

मी तसं करणार नाही असं मला वाटलं होतं. ठेवल्याबरोबर पदू परत येऊन बसला. काळ्या केसांच्या मी माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीचा माणूस रस्त्यात भेटल्यावर हलवतात तशी.

यानंतर दहा दिवस गेले. बाहेरच्या खोलीत दोन फरश्या उरल्या. एकेचाळीस जण उभे राहिले, कारण बसायला जागा नव्हती. त्यांच्या तोंडांचा वास माझ्या तोंडात येत होता. पाच तारखेच्या सकाळी मी माझ्या डाव्या खांद्याला भिंत आणि उजव्या खांद्याला भिंत टेकवून उभा होतो, आणि पत्र सोलापूरला पोचायला दोन दिवस लागतात. लिहायला टेबल मांडता येत नव्हतं. मी एकतिसाव्या पदूला पाठ वळवायला सांगितली आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवला.

"काय लिहितोयस?" स्वयंपाकघराच्या दारातून काळ्या केसांच्या मी विचारलं.

"उत्तर."

"तो शुद्धीवर नव्हता, असं लिही. ते खोटं नाही."

"ते एकदा सांगून झालंय."

मी लिहिलं, "चि. पदूस अनेक आशीर्वाद. बाटली मी आणली होती." एवढं लिहून झालं तेव्हा दाराशी असलेल्या पदूने, त्याच्या दुपारविषयी मी एक अक्षरही लिहिलेलं नसताना, कॉलरची टाचणी काढली, चिठ्ठी माझ्या खिशात घातली आणि बाहेर गेला. त्याने किती वाजले ते विचारलं नाही. मी लिहिलं, "फोटो पडला नव्हता." आणखी सहाजण गेले. खिशात चिठ्ठ्या साठू लागल्या. "वैजूने हाक मारली तेव्हा तू लगेच उठलास. तू तिच्यापुढे हात केला होतास. मी तुला मागे ओढलं. भांड्याला माझं कोपर लागलं. तू दुधाला हातही लावला नाहीस." क्लॅरिनेटवाले गेले, मग खुळखुळेवाले. जाताना कोणी मागे वळून बघत नव्हतं. मी नावाने हाक मारून बघितली असती, पण सगळ्यांचं नाव एकच होतं. "शालनने विचारलं तेव्हा मी ते तुझ्यावर जाऊ दिलं. वैजूला हे पत्र दाखव. यात माफी तू मागायची नाहीस." गाडी ढकलणारे गेले.

एकतिसावा तेवढा राहिला. त्याची पाठ माझ्या कागदाखाली होती.

"झालं का, दादा?"

"एक ओळ राहिली आहे."

त्या ओळीला मी फार वेळ लावला. त्याचा श्वास आत जाई तसा कागद वर येई आणि परत खाली जाई. कोटाच्या शिवणीत भाताचं एक शीत वाळून चिकटलं होतं. ते कुठल्या लग्नातलं असेल याचा मी विचार केला. मग लिहिलं, "तू घरी जाऊ नयेस असं मला वाटत होतं."

"झालं?"

"झालं."

त्याने चिठ्ठी दिली आणि अंग तिरकं करून दारातून बाहेर पडला.

मी स्वयंपाकघरात डोकावलं. टेबलाशी काळ्या केसांचा मी एकटाच बसला होता. बाटली भरलेली होती. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. भिंती मागे सरकतील असं मला वाटलं होतं, त्या सरकल्या नाहीत. मी पाकिटाला गोंद लावला, पत्ता दोनदा तपासला आणि भिंतीला पोट घासत रस्त्यावर आलो.

गल्लीही तेवढीच झाली होती. लोक एकामागे एक चालत होते. समोरून कोणी आलं तर दोघांतला एक दारात शिरून वाट देत होता. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर होती तिथेच होती. मी थांबलो तसे माझ्या मागचे सगळे थांबले.

मी पाकीट फटीत घातलं. हात मनगटापर्यंत आत गेला. बोटं उघडली, आणि पाकीट खाली इतर पत्रांवर पडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. मग आतून कोणीतरी माझा हात धरला. घट्ट धरला, पण ओढला नाही.

"अहो आजोबा," मागची बाई म्हणाली, "टाकलंत ना पत्र? मग सोडा की आता."

"मी सोडलंय," मी म्हणालो.